सादृश्य हा दाखला नव्हे

पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हिंडणाऱ्यांना वाळक्या काटकीच्या रूपाने जो प्राणी भेटतो, आणि ज्याचे छायाचित्र हल्ली घटकाभरात शेकडो लोकांच्या हाती पोहोचते, त्या काडीकीटकाला वृत्तपत्रात जागा मिळते ती बहुधा त्याच्या लांबीमुळे. चीनच्या ग्वांग्शी प्रांतात सापडलेल्या फ्रिगॅनिस्ट्रिया चायनेन्सिस या जातीची मादी पाय ताणून मोजली असता ६२ सेंटिमीटरांहून अधिक भरली, हे पुष्कळांच्या कानावर आलेले असेल; परंतु एकाच झुडपावर बसलेल्या, रंगाने, बांध्याने आणि स्तब्धतेने एकमेकींच्या प्रतिकृती भासणाऱ्या दोन काड्या एकाच वंशाच्या आहेत की दोन निरनिराळ्या वंशांच्या, हे कोण ठरवितो, कोणत्या पुराव्यावर ठरवितो, आणि ठरविण्यात चूक झाली तर तिचे पर्यवसान कशात होते, या प्रश्नांना सार्वजनिक चर्चेत अद्याप प्रवेश मिळालेला नाही. ही चार कीटकशास्त्रज्ञांच्या खासगी कुतूहलाची बाब आहे असे समजण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तो प्रघात सर्वथा चुकीचा असून त्याची किंमत आपण मोजू लागलो आहोत, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

फास्मॅटोडिया या गणात काडीकीटक आणि पर्णकीटक मिळून तीन हजारांहून अधिक जातींचे वर्णन आजवर झाले आहे. जवळच्या जातींचा समूह तो वंश आणि जवळच्या वंशांचा समूह ते कुल, ही वर्गीकरणाची चढती श्रेणी इतर प्राण्यांप्रमाणे येथेही लागू आहे. मात्र इतर प्राण्यांत जी अडचण क्वचित उद्भवते ती येथे पावलोपावली उभी राहते. या कीटकांचे अवघे शरीर एकाच प्रयोजनाने, म्हणजे पक्ष्याच्या नजरेतून सुटण्याच्या गरजेने घडविलेले आहे. वक्षाचा लांबट दांडा, काटकीच्या गाठींसारखे सांधे, सालीचा अथवा पानाचा रंग, वाऱ्याने डहाळी हलावी तसे डोलणे, या साऱ्या गोष्टी त्या एकाच गरजेने आखून दिल्या असल्यामुळे ज्यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी विभक्त झाले अशा दोन शाखा दिसण्यात सख्ख्या बहिणी होऊन बसतात, आणि ज्या खरोखर सख्ख्या त्या निरनिराळ्या झुडपांच्या आश्रयाने राहिल्यामुळे परक्या वाटू लागतात. वारसाच्या तंट्यात चेहरा मयताच्या चेहऱ्याशी मिळतो एवढ्याच आधारावर कोणताही अंमलदार वारसनोंद मंजूर करीत नाही, तो दाखले मागतो. आणि काडीकीटकाच्या बाबतीत तर चेहरा हा मुद्दाम दिशाभूल करण्यासाठीच घडलेला असल्याने त्याचे मोल सर्वांत कमी धरले पाहिजे.

मग पुरावा शोधायचा कोठे? जेथे लपण्याच्या गरजेचा हात कमी पोहोचला आहे तेथे, हे त्याचे उत्तर आहे. शृंगिकेचे खंड किती आणि कोणत्या लांबीचे. पुढच्या पायांची ऊर्विका, म्हणजे मांडीचा भाग, डोके सामावून घेण्यासाठी बुडाशी किती वाकलेली. तिच्या कडांवर दाते आहेत की कडा सपाट आहेत. अंतर्जंघिकेच्या, म्हणजे नडगीच्या, टोकाशी खालच्या अंगाला त्रिकोणी खोलगट क्षेत्र आहे की नाही. मादीच्या उदराच्या शेवटी अंडे तोलून धरणारे पिधान किती लांब आणि त्याच्या बुडाशी काटा आहे की नाही. समागमाच्या वेळी मादीला पकडून ठेवण्यासाठी नराच्या उदराच्या टोकाखाली जो कठीण आकडा असतो त्याची घडण कशी. आणि शेवटी खुद्द अंडे, ज्याच्या झाकणावर कित्येक जातींत मुंग्यांना आवडणारी एक गाठ असते आणि ज्याच्या पाठीवर शुक्राणूंच्या प्रवेशाचे सूक्ष्म द्वार धारण करणारी पट्टिका प्रत्येक वंशात आपापल्या आकाराची असते. पक्ष्याला यांतील एकही अवयव दिसत नाही. सामान्य प्रेक्षकालाही दिसत नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील संग्रहाची यादी १८५९ साली सिद्ध करणारा जॉन वेस्टवूड, १८७५ साली कित्येक वंशांची स्थापना करणारा स्वीडिश पंडित कार्ल स्टॉल, आणि १९०६ ते १९०८ या काळात या संपूर्ण गणाचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध करणारे ब्रुनर फॉन वाटेनविल व योझेफ रेडटेनबाखर, यांनी ही विद्या भिंगाखाली एकेक नमुना धरून उभी केली.

तिचे साधेपण आणि तिचे कठीणपण ही दोन्ही भूमध्य समुद्राकाठच्या एका उदाहरणात एकदम दिसतात. दक्षिण युरोपात बॅसिलस आणि क्लोनॉप्सिस असे दोन वंश झुडपांवर आढळतात. दोन्ही पंखहीन, दोन्ही हिरवे अथवा तपकिरी, आणि वरवर पाहणाराला दोन्ही एकच. शृंगिका मोजल्या की प्रश्न सुटतो: क्लोनॉप्सिसच्या शृंगिकेत बारा-तेरा खंड असतात, तर पूर्ण वाढलेल्या बॅसिलसच्या शृंगिकेत त्यांची संख्या वीसच्या पुढेमागे जाते. परंतु या कीटकांच्या शृंगिकेचे खंड प्रत्येक कातीबरोबर वाढत जातात. म्हणून ज्याने मोजले पण वय पाहिले नाही तो बॅसिलसच्या पिलाला बेलाशक क्लोनॉप्सिस ठरवून मोकळा होईल. लक्षण एकटे कधीही बोलत नाही. त्याच्याजवळ वय, लिंग आणि स्थळ यांची कैफियत जोडलेली असावी लागते. शिवाय सिसिलीत बॅसिलसच्या काही जाती आपापसांत संकर पावून बॅसिलस व्हायटेई आणि बॅसिलस लिन्सिओरम यांसारख्या संकरजन्य जाती निर्माण करून बसल्या आहेत, ज्यांपैकी दुसरीत तीन जातींचा वारसा एकवटलेला आहे. तेव्हा शृंगिका मोजून वंश कळला तरी त्या वंशाच्या आत कोण कोणाचा, हे गुणसूत्रांचा साक्षीपुरावा घेतल्यावाचून कळत नाही.

न्यूझीलंडमधील क्लिटार्कस आणि अ‍ॅकॅन्थोझायला या दोन वंशांची कथा याहून उद्बोधक आहे. अ‍ॅकॅन्थोझायलाच्या पुष्कळशा जातींच्या अंगावर काळे-हिरवे काटे असतात, क्लिटार्कस बहुतांशी गुळगुळीत असतो. तेव्हा काटे असतील तो पहिला आणि नसतील तो दुसरा, असा सोपा जाबता कोणीही बांधील. निसर्गाने मात्र अ‍ॅकॅन्थोझायला इनर्मिस नावाची जवळजवळ बिनकाट्याची जात ठेवून हा जाबता आधीच रद्द केलेला आहे. ही जात पाठीकडून पाहिली तर क्लिटार्कसपासून वेगळी काढणे दुष्कर. तिला उलटी करून पिधानाच्या बुडाशी पाहावे, तर तेथे तो छोटा काटा असतो, जो अ‍ॅकॅन्थोझायलाच्या मादीत असतो आणि क्लिटार्कसच्या मादीत नसतो. साऱ्या पाठीवर पसरलेल्या काट्यांची साक्ष जेथे फुटते तेथे उदराखालच्या एका काट्याची साक्ष टिकते. अंगावरचे काटे हे पाहणाऱ्या शत्रूसाठी आहेत आणि म्हणून ते सहज येतात-जातात. पिधान हे अंडे घालण्याच्या यंत्रणेचा भाग आहे आणि त्यात फेरबदल होण्यास निसर्ग सहसा राजी होत नाही.

हे दोन्ही वंश रोपांबरोबर इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आणि सिली बेटांवर विसाव्या शतकात जाऊन पोहोचले आणि तेथील सौम्य हवेत स्थिरावले, त्यामुळे घरापासून अर्ध्या पृथ्वीइतक्या अंतरावर हाच निवाडा पुन्हा करण्याची पाळी इंग्रज निरीक्षकांवर आली. अ‍ॅकॅन्थोझायलामध्ये नर कोणी पाहिलाच नव्हता. साऱ्या माद्या, आणि त्यांची प्रजा अनिषेकजननाने, म्हणजे नरावाचून. तो पहिला नर २०१६ साली सापडला, आणि तोही न्यूझीलंडमध्ये नव्हे, कॉर्नवॉलमध्ये. काडीकीटकांत मादीजवळ दोन क्ष गुणसूत्रे आणि नराजवळ एकच असते, त्यामुळे अंड्यात एखादे क्ष गळाले तर निव्वळ माद्यांच्या कुळातही नर जन्मू शकतो, असा त्याचा उलगडा संभवतो. या वंशाच्या जनुकांची तपासणी झाली तेव्हा त्यांच्या घडणीत क्लिटार्कस हूकेरी या जातीशी झालेल्या संकराच्या खुणा मिळाल्या. म्हणजे ज्या दोन वंशांना पिधानावरचा काटा इतक्या निःसंदिग्धपणे वेगळे करतो, त्यांच्या वंशावळी भूतकाळात एकमेकींत मिसळलेल्या आहेत. अवयवाने दिलेला निर्णय त्यामुळे खोटा ठरला नाही. त्या निर्णयाचा अर्थ मात्र अधिक सखोल झाला.

परंतु शरीररचनेवर विसंबणाऱ्यांची खरी परीक्षा झाली ती पर्णकीटकांच्या बाबतीत. रेडटेनबाखर याने १९०६ साली न्यू गिनीमधील एका चिमुकल्या, पंखधारी, लांब शृंगिकांच्या कीटकासाठी नॅनोफिलियम हा नवा वंश स्थापन केला. त्याच्याजवळ केवळ नर होते. त्याच साली त्याने एका मोठ्या, रुंद, आखूड शृंगिकांच्या मादीचे वर्णन फिलियम फ्राँडोसम या नावाने जुन्या फिलियम वंशात केले. पुढे शतकभर नॅनोफिलियमच्या नवनव्या जाती उजेडात येत राहिल्या आणि त्या साऱ्या नर निघाल्या. फ्राँडोसमच्या गोतावळ्यातही नवनव्या जातींची भर पडत राहिली आणि त्या साऱ्या माद्या निघाल्या. दोन मिसली एकाच दफ्तरात शेजारीशेजारी धूळ खात पडाव्यात आणि त्यांतील पक्षकार नवराबायको आहेत हे कोणाच्या ध्यानात येऊ नये, असा हा प्रकार होता. पापुआ न्यू गिनीहून आलेली फिलियम आसेकिएन्से या जातीची अंडी २०१८ साली कॅनडातील माँट्रियलच्या कीटकालयात उबली, त्यांतून निघालेली पिले तेथील मंडळींनी कष्टाने वाढविली, आणि त्यांतले नर मोठे होऊन पाहतात तो ते नॅनोफिलियम! रॉइस कमिंग, स्तेफान ल तिरां आणि त्यांचे सहकारी यांनी २०२० साली हा उलगडा प्रसिद्ध केला आणि त्या माद्यांना त्यांच्या नरांच्या वंशात दाखल केले.

या प्रकरणाचा बोध पुष्कळांनी असा काढला की शरीररचनेवरून वंश ठरविण्याची पद्धतच कालबाह्य झाली आहे. माझ्या मते तो बोध विपरीत आहे. रेडटेनबाखरने जे पाहिले ते बरोबर पाहिले आणि बरोबर लिहिले. त्याच्यापुढे जे नव्हते ते मात्र त्याला दिसले नाही. नर आणि मादी यांची घडण ज्या कीटकांत इतकी भिन्न असते, तेथे एकाच लिंगाच्या नमुन्यावरून वंशाची सनद देणे म्हणजे एकतर्फी हुकूमनामा करणे होय. आणि एकतर्फी हुकूमनाम्याला उतारा असतो तो गैरहजर पक्षाला हजर करण्याचा. माँट्रियलमध्ये तो पक्ष हजर झाला, आणि हजर झाल्यावर त्याची ओळख कोणत्याही यंत्राने पटविली नाही. नॅनोफिलियमच्या नराची शरीररचना ज्यांना मुखोद्गत होती अशा माणसांच्या डोळ्यांनी ती क्षणार्धात पटविली. ज्या संस्थेत अशी माणसे नसती तेथे तेच नर जन्मून मेले असते आणि कोणाला त्याचा पत्ताही लागला नसता.

शरीररचनेने खरोखर दगा दिल्याची उदाहरणे नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही, आणि या विद्येच्या कैवाऱ्यांनी ती झाकूनही ठेवू नयेत. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला लॉर्ड हाउ बेटावर ड्रायोकोसेलस ऑस्ट्रॅलिस नावाचा वीतभरही न भरणारा, पण बोटाएवढा जाड, काळसर आणि पंखहीन असा काडीकीटक राहत असे. न्यू गिनीमधील युरिकँथा वंशाशी त्याचे साम्य विलक्षण: तेच चिलखती अंग, नराच्या तशाच फुगीर आणि काटेरी मागच्या मांड्या, दिवसा पोकळ खोडांत दडी मारण्याचा तोच क्रम. यांना एकाच उपकुलात बसविताना कोणाला शंका आली नाही. थॉमस बकली, दिलिनी अत्तनायके आणि स्वेन ब्राडलर यांनी २००९ साली या कीटकांच्या डीएनएची तुलना प्रसिद्ध केली तेव्हा निष्पन्न झाले ते असे की लॉर्ड हाउचा कीटक ऑस्ट्रेलियातील सडसडीत काडीकीटकांच्या शाखेतला असून युरिकँथाशी त्याचे नाते दूरचे आहे. झाडाची डहाळी सोडून जमिनीकडे आणि बिळांकडे वळलेल्या दोन स्वतंत्र शाखांना परिस्थितीने एकच चिलखत चढविले होते. येथे फसविणारे लक्षण लपण्याच्या कलेतले नव्हते, निराळ्या राहणीतले होते. पण तत्त्व तेच, की जे अवयव राहणीने घडतात त्यांच्यावर नात्याचा भार टाकू नये.

त्याच कीटकाच्या पुढल्या इतिहासात मात्र उलट दिशेचा धडा आहे. मकांबो नावाची आगबोट १९१८ साली लॉर्ड हाउच्या किनाऱ्याला लागून रुतली, तिच्यावरचे उंदीर बेटावर उतरले, आणि थोड्याच वर्षांत हा कीटक नामशेष झाल्याचे सर्वांनी मान्य केले. पुढे २००१ साली तेथून सुमारे २३ किलोमीटरांवर समुद्रातून सुळक्यासारख्या उठलेल्या बॉल्स पिरॅमिड या खडकावर, एका झुडपाच्या आश्रयाने जगलेले थोडेसे कीटक मिळाले. जुन्या नमुन्यांच्या तुलनेत त्यांची घडण काहीशी निराळी भासत असल्यामुळे ते तेच आहेत की दुसरेच कोणी, ही शंका अनेक वर्षे घोळत राहिली. संग्रहालयात जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांचा डीएनए या नव्या कीटकांच्या डीएनएशी ताडून पाहिल्यावर, दोहोंतील फरक एक टक्क्याहूनही कमी आहे आणि जात एकच आहे, हा फैसला २०१७ साली झाला. प्रयोगशाळेतले यंत्र येथे निर्णायक ठरले हे खरे. पण ते कशाशी ताडून पाहणार होते? कोणीतरी शतकापूर्वी ते कीटक टाचून, चिठ्ठी लावून, कपाटात रुजू करून ठेवले होते आणि पुढच्या कोणीतरी त्या कपाटाची किल्ली सांभाळली होती, म्हणून तुलना संभवली. शिवाय घडण निराळी भासते ही शंका ज्याच्या मनात आली त्यालाही अवयव वाचता येत होते. शंकाच आली नसती तर प्रयोगही झाला नसता.

तात्पर्य, अवयव आणि डीएनए हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. एकाने मुद्दे काढावेत आणि दुसऱ्याने त्यांतील काहींचा निकाल लावावा असा त्यांचा संबंध आहे. अंतर्जंघिकेच्या टोकावरील ज्या त्रिकोणी क्षेत्रावर या गणाचे दोन महाविभाग दीर्घकाळ उभे होते, त्या क्षेत्राला नात्याच्या दृष्टीने एवढे महत्त्व देता येत नाही असे अलीकडच्या संशोधनाने दाखविले. तरी वंश-वंशांत भेद करण्याच्या कामी ते क्षेत्र आजही पाहिले जाते आणि पाहिले पाहिजे. शास्त्रात फेरफार होणे हे त्याच्या दौर्बल्याचे लक्षण मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ज्या नोंदीत फेरफार करता येतो ती मुळात स्वच्छ अक्षरात झालेली असते.

आता आपल्या घराकडे वळावे. जगभरच्या प्रयोगशाळांत आणि युरोपातील शाळांच्या वर्गांत काचेच्या पेटीत वाढविला जाणारा कॅरॉसियस मोरोसस हा काडीकीटक मूळचा आपल्या दक्षिणेतला, पळणी डोंगरांतला आहे. कोडाईकॅनालजवळच्या शेंबगनूर येथील प्रजेवरून रॉबेर द सिनेती या फ्रेंच जेझुइट अभ्यासकाने १९०१ साली, काडीकीटकांच्या जीवनक्रमावर आणि शरीररचनेवरच लिहिलेल्या प्रबंधात, त्याचे वर्णन डिक्सिपस मोरोसस या नावाने केले. पुढे तो कॅरॉसियस वंशात गेला. कीटकाचे सहा पाय चालताना एकमेकांशी कसा मेळ राखतात याविषयी आज जे ज्ञान आहे त्याचा फार मोठा भाग या एका भारतीय जातीवरील प्रयोगांतून निघाला, आणि त्या ज्ञानावर चालणारी यंत्रेही घडली. ज्या मातीतला हा कीटक, त्या मातीत त्याच्या सख्ख्या-चुलत वंशांची शहानिशा किती झाली? कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये जेम्स वुड-मेसन याने १८७०च्या दशकात काडीकीटकांवर जातीने लक्ष घातले होते. परंतु १८८८ पासून निघू लागलेल्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीच्या ग्रंथमालेत कानकिड्यांना खंड मिळाला, टोळांना मिळाला, काडीकीटकांना मिळाला नाही. मुंबईत १८८३ पासून निसर्ग इतिहास संस्था आहे, १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात आहे, आणि २००२च्या जैवविविधता कायद्याने नव्याने सापडलेल्या प्रत्येक जातीचा नमुना नियुक्त भांडारात जमा करण्याचे बंधन घातले आहे. म्हणजे कायदा आहे, कचेरी आहे, कपाटे आहेत; त्यांत बसून वाचणारी माणसे तयार करण्याची तजवीज तेवढी नाही.

यावर कोणी म्हणेल, असल्या निरुपद्रवी किड्यांच्या वंशावळीसाठी सरकारने पैसा का खर्चावा? हे किडे सर्वत्र निरुपद्रवी नाहीत. ग्रेफिया क्रुआनी हा काडीकीटक प्रशांत महासागरातील सामोआ, फिजी, टोंगा या बेटांवर माडांच्या झावळ्या फस्त करतो. आग्नेय ऑस्ट्रेलियातील निलगिरीच्या रानांत डिडिम्युरिया व्हायोलेसेन्स याने मैलच्या मैल झाडे निष्पर्ण केल्याचा इतिहास आहे. ज्या कोकणपट्टीचा संसार माडावर चालतो, तेथील बंदरात उद्या एखादी अनोळखी काडी रोपांच्या खोक्यातून उतरली तर ती आपल्या घाटातलीच गरीब रहिवासी आहे की दूरदेशीचे संकट आहे, हे सांगण्यासाठी आपण कोणाला बोलावणार? फोनवर काढलेले छायाचित्र येथे उपयोगी पडणार नाही, कारण छायाचित्र पाठीचे असते आणि पुरावा पोटाखाली असतो. छायाचित्रांच्या पेढीवर शिकलेले गणकयंत्रही मुख्यतः सादृश्य मोजते. आणि सादृश्य ही तर या कीटकांची पिढीजात फसवणूक आहे.

शिक्षणाच्या अंगाने पाहिले तर एक संधी आपण हातची घालविली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन कमी करण्याचे आणि २०१४ साली ते बंद करण्याचे धोरण स्वीकारले. बेडूक आणि झुरळे हजारोंनी मारून दरसाल तीच ती आतडी काढून दाखविण्यात ज्ञानापेक्षा उपचार अधिक होता, म्हणून तो निर्णय मला मान्य आहे. पण विच्छेदनाच्या तासाला रिकामी झालेली जागा पडद्यावरच्या चित्रांनी भरून काढणे हे मात्र मान्य होण्यासारखे नाही. बाह्य शरीररचना शिकण्यासाठी कोणालाही मारावे लागत नाही. काडीकीटक पाळण्यास जाळीची पेटी आणि रोजचा ताजा पाला पुरतो. तो अंडी घालतो, त्या अंड्यांची पट्टिका भिंगाखाली पाहता येते. पिलू कात टाकते, त्या कातीवर शृंगिकेचे खंड मोजता येतात. नर आणि मादी अंड्यांच्या एकाच घाण्यातून निघालेले असल्याने त्यांचे नाते वादातीत राहते. माँट्रियलमध्ये शतकभराचा गुंता सुटला तो याच मार्गाने, आणि हा मार्ग सिंधुदुर्गातल्या अथवा गोव्यातल्या एखाद्या महाविद्यालयालाही परवडणारा आहे.

म्हणून माझी मागणी अगदी माफक आहे. प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही एका कीटकवंशाचे नर, मादी, पिलू आणि अंडे यांसह सांगोपांग वर्णन लिहिण्याची मुभा प्रबंधाच्या जागी मिळावी, आणि त्यातील नमुने चिठ्ठीसह विद्यापीठाच्या संग्रहात दाखल व्हावेत. प्रत्येक विद्यापीठात अशा संग्रहाचा एक कायम, पगारी आणि बढतीस पात्र असा संग्रहपाल असावा. आज हे काम जेथे होते तेथे ते बहुधा एखाद्या अध्यापकाच्या हौसेवर चालते, आणि तो निवृत्त झाला की कपाटातले नमुने वाळवीच्या हवाली होतात. संशोधनाच्या अनुदानात डीएनएच्या खर्चाची बाब मंजूर करताना, ज्या नमुन्याचा डीएनए काढला त्याचे शरीर कोठे ठेवले आहे याचा दाखला जोडण्याची अटही घालण्यात यावी. या तिन्ही गोष्टींना लागणारी रक्कम एखाद्या नव्या इमारतीच्या उद्घाटनापेक्षा अधिक होणार नाही. तशी तरतूद येत्या अंदाजपत्रकात व्हावी, आणि ती होईपर्यंत आपल्या विद्यापीठांच्या अधिसभांत या मागणीचा ठराव दरवर्षी न चुकता मांडला जावा.